एका लोहमार्गावरचे दोन नांगर

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत दख्खनच्या शेतात लोखंडी नांगर रुळला. त्याच्या विक्रीसाठी तीन कारखान्यांची नावे पुढे होती. इंग्लंडमधील इप्सविचची रॅन्सम्स कंपनी जगभर नांगर पाठवत होती. दुसरा कारखाना औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीचा आणि तिसरा साताऱ्याच्या कूपर यांचा. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, तर कूपर यांचा कारखाना सातारा जिल्ह्यात होता. हे दोन्ही देशी कारखाने पुणे–मिरज लोहमार्गालगतचे. या तिघांपुढे चौथा प्रतिस्पर्धी उभा होता आणि तोच सर्वांत चिवट होता. तो म्हणजे गावच्या सुताराने बाभळीच्या लाकडातून घडवलेला नांगर.

लाकडी नांगराला कमी लेखण्याची चूक शेतीखात्याच्या अनेक साहेबांनी केली. प्रत्यक्षात तो गावाच्या अर्थव्यवस्थेत घट्ट बसलेला होता. खोड, दांडी, रुमणे आणि पुढे लोखंडी फाळ एवढाच त्याचा संसार. सुतार तो घडवी, लोहार फाळ शेवटून देई आणि दोघांनाही सुगीला बलुते मिळे. रोख पैसा लागत नसे. दोष होता तो कामात. लाकडी नांगर पाचरीसारखा जमीन फाडत जातो, माती उलटवत नाही. दोन तासांच्या, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरांच्या, मध्ये न नांगरलेला पट्टा राहतो, म्हणून शेत आडवे-उभे दोनदा नांगरावे लागते. कृष्णाकाठच्या भारी काळ्या रानात त्याला सहा-आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका घरी नसत, म्हणून शेतकरी सावड करून एकमेकांची जनावरे एकत्र आणत. साहजिकच खोल नांगरट दरसाल होत नसे. मधल्या वर्षांत कुळवाच्या पाळ्यांवर भागवले जाई आणि तेवढ्यात हराळी व कुंदा रान धरत.

लोखंडी नांगराने नेमके हेच दुखणे हाती घेतले. त्याचा फाळ तासाचा तळ कापतो आणि बाजूचा वक्र पंखा कापलेली माती उचलून पालथी घालतो. हराळीच्या मुळ्या उन्हाळ्याच्या तापात उघड्या पडून वाळतात आणि ढेकळे वळवाच्या पावसात विरघळतात. दख्खनमध्ये फिरत्या फाळाच्या नांगराला विशेष मागणी होती. तासाच्या टोकाला पोचल्यावर त्याचा फाळ व पंखा दुसऱ्या बाजूला पलटता येतो. त्यामुळे जाताना आणि येताना माती एकाच अंगाला पडते आणि शेताच्या मधोमध चर किंवा वरंबा उरत नाही. अरुंद पट्ट्या आणि उताराची जमीन असलेल्या शेतकऱ्याला याचे मोल लगेच कळले.

मात्र हे मोल सगळीकडे सारखे नव्हते. जुना सातारा जिल्हा १९४९मध्ये विभागला गेला, त्यातून दक्षिण सातारा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या दोन जिल्ह्यांत मिळून नांगराच्या तीन वेगळ्या बाजारपेठा होत्या. पाटण, जावळी, महाबळेश्वर या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात भात आणि नाचणी पिकते, खाचरे लहान, बैलही छोटे. चिखलणीसाठी तिथे हलका लाकडी नांगरच सोयीचा आणि अवजड लोखंडी नांगर चिखलात रुतणारा. कोकणातही तीच गत. पूर्वेकडच्या माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी भागांत माती उथळ आणि खाली मुरूम. तिथे कुळव पुरे होई आणि शेतकऱ्याच्या हाती पैसाही कमी असे. खरी बाजारपेठ होती ती मधल्या कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात, म्हणजे कऱ्हाड आणि वाळव्याच्या काळ्या रानात. ऊस, हळद आणि गुळाचा पैसा तिथे होता. अशीच काळी जमीन विजापूर-धारवाडकडे आणि पुढे वऱ्हाडातही होती. म्हणून जो कारखाना कृष्णाकाठ जिंकेल त्याला बाहेरची वाट मोकळी होणार होती.

आरंभी मैदान रॅन्सम्सचे होते. इप्सविचचा हा कारखाना १७८९चा. रॉबर्ट रॅन्समने १८०३मध्ये ओतीव फाळाची खालची बाजू झटकन थंड करून कठीण करण्याची रीत काढली. वरची मऊ बाजू आधी झिजते आणि खालची धार आपोआप राहते. पुढे १८०८मध्ये त्याने नांगराचे भाग सुटे करून बदलता येतील अशी रचना आणली. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याने विसाव्या शतकाच्या आरंभी विलायती नांगरांचा प्रचार चालवला. गावोगाव प्रात्यक्षिके होत आणि अवजारांसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळे. तरीही नांगर सातासमुद्रापलीकडून येत होता आणि त्याचा प्रत्येक फाळही तिथूनच येत होता. ओतीव लोखंडाचा फाळ ऐरणीवर ठोकला तर तडकतो, त्यामुळे गावच्या लोहाराला तो दुरुस्त करता येत नसे. सुटा भाग मिळाला नाही की महाग नांगर गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राही. विलायती मालाच्या ताकदीतच त्याचा दुबळेपणा दडलेला होता आणि पुढच्या स्पर्धेचा निकाल बराचसा इथेच लागला.

या दुबळेपणाचा फायदा ज्यांनी घेतला ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. १८६९मध्ये गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपणामुळे ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावात आले. थोरले बंधू रामूअण्णांबरोबर त्यांनी सायकली विकण्याचे दुकान चालवले होते, त्याला कारखान्याची जोड मिळाली. त्यांचे पहिले यंत्र कडबा कापण्याचे. १९०३मध्ये त्यांनी लोखंडी नांगर बनवला. तो विकत घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाने जमिनीत विष उतरते ही समजूत शेतकऱ्यांत पक्की होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली असे सांगतात. ही समजूत भाबडी म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण एका वर्षाचे पीक बुडाले तर सावकाराच्या दारी जावे लागणाऱ्या माणसाने नव्या अवजारावर पहिल्या दिवशी विश्वास न ठेवणे हा शहाणपणाच होता. शेजारच्या रानात उलटलेली माती आणि त्यानंतर आलेले पीक डोळ्यांनी पाहिल्यावरच त्याचे मन वळले.

बेळगावची जागा नगराच्या विस्तारात गेली तेव्हा लक्ष्मणरावांना औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी बोलावले. १९०९मध्ये गादीवर आलेल्या या राजाने कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान दिले आणि १०,००० रुपयांचे कर्जही दिले. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी वसाहतीचा पाया पडला. पुढे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. जागेची निवड व्यापाराच्या दृष्टीने अचूक होती. कच्चे लोखंड आणि कोळसा रेल्वेने दारात उतरे, तयार नांगर त्याच रेल्वेने मिरज, बेळगाव आणि पुण्याकडे जाई आणि कृष्णाकाठचा गिऱ्हाईक बैलगाडीच्या टप्प्यात होता. रॅन्सम्सच्या नांगराला समुद्र ओलांडावा लागे, किर्लोस्करांच्या फाळाला वाळव्याची शीव.

१९१४मध्ये महायुद्ध पेटले आणि विलायती मालाची आवक आटली. किर्लोस्करवाडीच्या नांगराला एकाएकी मोकळी बाजारपेठ मिळाली, पण त्याचबरोबर लोखंड आणि कोळसा दुर्मिळ झाले. या टंचाईत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या असे सांगितले जाते. युद्धाची चार वर्षे संपली तेव्हा देशी नांगर विलायतीची नक्कल म्हणून नव्हे, स्वतःच्या नावाने मागितला जात होता. स्वदेशीच्या चळवळीने या नावाला वजन दिले हेही खरे. पण शेतकऱ्याने केवळ भावनेपोटी नांगर घेतला असे मानता येत नाही. भावनेने पहिला नांगर खपतो, दुसरा खपतो तो पहिल्याच्या कामावर.

१९२०मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी काढलेले ते छोटे पत्रक होते. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३०मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या या मासिकांवर वाढल्या. विक्रीच्या स्पर्धेतून इतके मोठे वाङ्मयीन काम उभे राहिल्याचे दुसरे मराठी उदाहरण सापडणे अवघड आहे. शंकररावांना एक गोष्ट नेमकी उमगली होती. नांगर विकत घेणारा बहुधा वाचत नाही, पण त्याचा शिकलेला मुलगा, गावचा शिक्षक, तलाठी वाचतो आणि चावडीवर त्याचाच शब्द चालतो.

युद्धानंतर विलायती नांगर परत आले आणि १९२२मध्ये घराजवळच नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला. साताऱ्याचे पारशी उद्योजक धनजीशा बोमनजी कूपर यांनी सातारा इंडस्ट्रियल वर्क्स काढले, तेच पुढचे कूपर इंजिनिअरिंग. कोरेगाव तालुक्यातील सातारा रोड स्थानकाजवळच्या या कारखान्यातही लोखंडी नांगर आणि शेतीची अवजारे होऊ लागली. किर्लोस्करांमागे संस्थानचा आश्रय होता. कूपर मात्र ब्रिटिश मुलखात होते आणि इलाख्याच्या राजकारणात त्यांचे वजन होते. ब्राह्मणेतर पक्षातून पुढे आलेले धनजीशा १ एप्रिल ते १९ जुलै १९३७ या काळात मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. काँग्रेसने सत्ता स्वीकारण्यास नकार दिल्यावर त्यांनी ते हंगामी मंत्रिमंडळ बनवले होते. कारखानदार म्हणून त्यांचे कर्तृत्व या साडेतीन महिन्यांच्या मंत्रिमंडळापेक्षा मोठे आहे आणि मराठी उद्योगाच्या इतिहासात ते जेवढे सांगायला हवे तेवढे सांगितले जात नाही.

दोन्ही कारखान्यांची चढाओढ नांगरापुरती राहिली नाही. गुऱ्हाळातला उसाचा चरक ही तितकीच मोठी बाजारपेठ होती. लाकडी घाण्यातून रस पुरता निघत नसे, लोखंडी लाटांचा चरक जास्त रस काढी आणि बैलांचे कष्ट वाचवी. उत्तरेत हे काम सिरमूर संस्थानातील नाहनच्या ओतशाळेने एकोणिसाव्या शतकातच सुरू केले होते. इकडे कऱ्हाड, वाळवा, कोल्हापूर या गुळाच्या मुलखात किर्लोस्कर आणि कूपर दोघांचेही चरक गेले. चरक अनेकदा भाड्याने किंवा भागीत चाले. त्यामुळे एक यंत्र अनेक शेतकऱ्यांच्या नजरेखालून जाई आणि हंगामाच्या ऐन मध्यावर लाट मोडली तर दुरुस्ती किती लवकर होते यावर कारखान्याची अब्रू ठरे.

१९२९नंतरच्या मंदीने शेतमालाचे भाव कोसळले आणि नांगर-चरकाची मागणी बसली. इथे दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. किर्लोस्करवाडीने १९२६मध्येच देशातला पहिला सेंट्रिफ्यूगल पंप बनवला होता. मंदीत तिथे लोखंडी फर्निचरपर्यंत अनेक गोष्टी करून पाहिल्या गेल्या आणि पुढे लेथ यंत्रेही झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकून १९२६मध्ये परतलेले शंतनुराव किर्लोस्कर या वळणाचे प्रमुख शिल्पकार. कूपर इंजिनिअरिंगने १९३०च्या दशकात डिझेल इंजिन बनवले. भारतात तयार झालेल्या पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. पंपाला इंजिन लागते आणि इंजिनाला पंप. मोटेच्या जागी विहिरीवर यंत्र बसवायला निघालेल्या बागायतदारापुढे आता लिस्टर, पेटर, रस्टन ही विलायती नावे आणि सातारा रोडचे नाव एका रांगेत आले. नांगरात जे वीस वर्षांपूर्वी घडले तेच इंजिनात पुन्हा घडले. इथेही सुटा भाग आणि जवळचा मिस्त्री यांनी देशी मालाला जागा करून दिली.

१९४०च्या सुमारास कूपर इंजिनिअरिंग वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहात गेले. किर्लोस्करांनी १९४६मध्ये पुण्यात खडकीला स्वतंत्र ऑइल इंजिन कंपनी काढली आणि इंजिनाच्या बाजारपेठेत त्यांचे नाव पुढे गेले. पुण्याची मोठी बाजारपेठ, स्वतंत्र भांडवल आणि विक्रेत्यांचे जाळे किर्लोस्करांच्या बाजूला होते. सातारा रोडला मालकी बदलल्यावर तेवढा एकसलग जोर राहिला नाही, असे दिसते.

स्वातंत्र्यानंतर बाजारपेठच पालटली. १९५०नंतर सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले आणि कृष्णाकाठचा ऊस गुऱ्हाळाऐवजी तिकडे वळला, त्यामुळे चरकाचे दिवस सरत आले. १९६२मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि पुढे विजेच्या मोटारीने विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला मागे टाकले. ट्रॅक्टर आल्यावर खोल नांगरट भाड्याने होऊ लागली आणि बैलांच्या लोखंडी नांगराची मागणी वर्षागणिक घटत गेली. पुणे–मिरज मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. किर्लोस्करवाडीत आज पंप बनतात आणि सातारा रोडला वालचंदनगर इंडस्ट्रीजची ओतशाळा आहे.