अमेरिकेतील जलकायदा आणि जमीनमालक

१९६९ साली ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराजवळ कायाहोगा नदी पेटली. पाण्याने पेट घ्यावा हे नवलच. पण तेलाचा तवंग साचलेल्या त्या नदीला आग लागण्याची ती पहिली खेप नव्हती. अशा घटनांनी लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि १९७२ साली स्वच्छ जल कायदा आला. अध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरला असताही काँग्रेसने तो मंजूर केला.

कायद्याचा विषय 'नौकानयनयोग्य पाणी' हा होता. व्याख्येत मात्र 'संयुक्त संस्थानांचे पाणी' एवढेच शब्द पडले. पुढील अर्धशतकाचा सारा वाद या मोघम शब्दांतून उद्भवला. नदी-सरोवरांविषयी तंटा नव्हता. परंतु खाजगी मालकीची पाणथळ, पावसापुरता वाहणारा ओहोळ, यांवर केंद्राची सत्ता कोठवर? नदीलगतच्या पाणथळीपर्यंत ती पोहोचते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मानले. स्थलांतर करणारे पक्षी उतरतात एवढ्यावरून इलिनॉयमधील सोडून दिलेल्या खाणीतील तळ्यांवर ती चालणार नाही, असे २००१ मध्ये ठरविले. २००६ च्या खटल्यात कोणत्याच कसोटीला बहुमत मिळाले नाही. २०१५ साली ओबामा सरकारने नवी व्याख्या केली, तेव्हा शेतकरी संघटनांनी तिला कडाडून विरोध केला.

या विरोधामागे बांधकाम व्यावसायिकांचाही स्वार्थ होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही तक्रारीचा गाभा खरा होता. आयडाहो राज्यातील सॅकेट दांपत्याने प्रीस्ट सरोवराजवळ २००४ साली घरासाठी जागा घेतली. २००७ मध्ये तेथे भराव घालताच, ही पाणथळ आहे, भराव काढा, नाहीतर दररोज ४०,००० डॉलरांहून अधिक दंड होईल, असा केंद्राचा हुकूम आला. त्या हुकुमाविरुद्ध न्यायालयात जाण्याचीही मुभा नाही, असे सरकारचे म्हणणे! दंडाचा धाक घालावा आणि दाद मागण्याचे दार मात्र लावून घ्यावे, हे कोणत्याही लोकराज्याला शोभणारे नव्हते. २०१२ साली न्यायालयाने एकमताने ते दार उघडले.

सॅकेट यांच्या जागेवर हा कायदा लागू होत नाही, हा २०२३ चा निकालही एकमताचा. कसोटीवर मात्र पाच विरुद्ध चार अशी फूट पडली. नदी-सरोवराशी पृष्ठभागावरून अखंड जोडलेलीच पाणथळ कायद्याखाली येईल, असे बहुमताने ठरविले. निकालाशी सहमत असूनही न्यायमूर्ती कॅव्हेनॉ यांना ही कसोटी पटली नाही. मिसिसिपीच्या काठी पूर रोखण्यासाठी बांध आहेत. त्यांच्यापलीकडील पाणथळी पुराचे पाणी सामावून घेतात. मध्ये बांध आला, एवढ्याच कारणाने त्या कायद्याबाहेर पडतील, ही अडचण त्यांनी नोंदवून ठेवली आहे.