एका ‘लाइक’ची अटक

पालघर आमच्या वसईहून त्याच रेल्वेमार्गावर, विरारच्या पुढे. २०१२ साली ते ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. तो बंद भीतीपोटी आहे, आदरापोटी नाही, असं पालघरच्या एका मुलीने १८ नोव्हेंबरला फेसबुकवर लिहिलं. मैत्रिणीने ‘लाइक’ केलं. दुसऱ्या दिवशी दोघींना अटक. तिच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. पोलिसांनी आधी धार्मिक भावना दुखावल्याचं कलम २९५अ लावलं. बंदवरच्या वाक्यात धर्म कुठे होता, ते मला आजही उमगलेलं नाही.

खरी मेख मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये होती. इतरांना त्रास, गैरसोय झाली तरी तीन वर्षांपर्यंत कैद! त्रास कुणाला, किती, याची व्याख्याच नाही. म्हणजे ठरवणार पोलीस स्टेशन.

पालघरच्या अटकेनंतर श्रेया सिंघल ही विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी कलम घटनाबाह्य ठरलं. तरीही गुन्हे नोंदवले जातच राहिले. रद्द झालेल्या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका, असं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं.