शीर्षकगीताच्या वाटेने : अल्फा ते झी मराठी

१५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' सुरू झाली. या वाहिनीचा इतिहास टीआरपीच्या आकड्यांतून सांगणारे पुष्कळ आहेत. तो तिच्या गाण्यांतून सांगितला तर अधिक खरा उतरतो, असं मला वाटतं. आज पंचविशी-तिशी उलटलेल्या मराठी माणसाला 'आभाळमाया'तल्या सुधा जोशीच्या घरात शेवटी काय झालं ते धड आठवणार नाही. शीर्षकगीताची चाल मात्र तो कुठेही ओळखेल.

नाटकात गाणं हवंच, ही आपली जुनी खोड आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हापासून पडद्याआधी नांदी ऐकायची आपल्याला सवय आहे. दूरदर्शनच्या मालिकांनीही ती मोडली नव्हती. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'वर मालिका झाली, तिचं शीर्षकगीत मधुकर आरकडे यांनी लिहिलं आणि संगीत अशोक पत्की यांचं होतं. अल्फाने हेच पत्की उचलले. 'आभाळमाया'साठी मंगेश कुलकर्णी यांचे शब्द, पत्कींची चाल आणि देवकी पंडित यांचा आवाज असं त्रिकूट जमलं आणि वाहिनीला चेहरा येण्याआधी आवाज मिळाला.

पत्कींचीच निवड का फळली, याचं कारण त्यांच्या आधीच्या कामात आहे. ते जितेंद्र अभिषेकींकडे साहाय्यक होते आणि जाहिरातींच्या जिंगल्स त्यांनी ढिगाने केल्या होत्या. जिंगल करणाऱ्याला अर्ध्या मिनिटात गिऱ्हाईक पकडावं लागतं, लांबलचक आलापी त्याला परवडत नाही. शीर्षकगीताची अडचण तीच. मुखडा आणि एक अंतरा, जेमतेम मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात मालिकेचा विषय सांगायचा पण गोष्ट फोडायची नाही, आणि पडद्यावर पात्रं ओळीने वळून कॅमेऱ्याकडे बघत असताना गाणं फिकं पडू द्यायचं नाही. शिवाय टीव्ही दिवाणखान्यात आणि अर्धी मंडळी स्वयंपाकघरात. पोळी तव्यावर टाकलेल्या बाईला 'सुरू झालं' हे कळवायचं कामही त्या मुखड्याचंच होतं.

२००३ साली आलेल्या 'वादळवाट'ने ही घडी पक्की केली. कुलकर्णी-पत्की ही जोडी तीच, आवाज देवकी पंडित आणि स्वप्नील बांदोडकर यांचे. २००५ मध्ये वाहिनीचं नाव 'झी मराठी' झालं. नाव बदलूनही प्रेक्षक बिचकला नाही. संध्याकाळच्या चाली ओळखीच्याच होत्या. पुढे मालिकांची नावंही गाण्यांतूनच येऊ लागली. 'अवघाचि संसार' थेट ज्ञानेश्वरांच्या अभंगातून आलं, 'या सुखांनो या' गदिमांच्या चित्रपटगीतातून. नाव आधीच गुणगुणता येत असेल तर अर्धी जाहिरात फुकट होते, हे वाहिनीने बरोबर हेरलं होतं.

खरा पालट आणला तो दैनंदिन मालिकांनी. आठवड्यातून एकदा येणाऱ्या मालिकेत शीर्षकगीत ही सही होती. रोजच्या मालिकेत ते हत्यार झालं. एकाच चालीचे तुकडे पाडायचे : सुखाच्या प्रसंगाला बासरी, लग्नाला सनई, रडण्याला सारंगी आणि संथ लयीतलं 'सॅड व्हर्जन'. 'जुळून येती रेशीमगाठी' (२०१३) हे याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण. मेघना आणि आदित्यचं लग्न आधी होतं, प्रेम सावकाश नंतर. हे 'नंतर' संवादांत सांगणं अवघड. चहाचा कप पुढे करणं, गाडीत शेजारी बसून बाहेर बघणं, दारातून मागे वळणं, असे बिनशब्दांचे तुकडे जोडायचे आणि वर नीलेश मोहरीर यांची चाल ठेवायची. दोन मिनिटांच्या माँटाजमध्ये महिनाभराचा सहवास दिसतो. लेखकाने चार भाग खर्चून जे केलं असतं, ते इथे अधिक नेमकं होतं. 'जय मल्हार'ची (२०१४) गोष्ट वेगळी. खंडोबाच्या कथेला जागरणाची परंपराच असल्यामुळे तिथे गाणं बाहेरून आणावं लागलं नाही.

पण रोज बावीसेक मिनिटांचा भाग भरायचा असतो, आणि कथा पुढे सरकत नसेल तेव्हा माँटाज हा स्वस्त भराव ठरतो. पाऊस, ओढणी, संथ गतीतली नजर, पुन्हा तीच चाल. गेल्या काही वर्षांत हे अती झालं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट्या बाजूने मूळ शीर्षकगीताला कात्री लागली. जाहिरातींच्या ब्रेकला प्रेक्षक पळेल ही भीती गाण्यालाही भोवली : कित्येक भागांत ते काही सेकंदांच्या फलकावर येऊन थांबतं, कधी तेवढंही नसतं. म्हणजे चाल दिवसभर वापरायची, आणि गीत पूर्ण असं कधी वाजवायचं नाही.

यात सर्वांत आधी गळतात ती नावं. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा मान्य केला. श्रेयनामावलीचा वेग मात्र कुठल्याच कायद्याने कमी झालेला नाही. 'आभाळमाया'चं गाणं आठवणाऱ्या दहा जणांना ते कोणी लिहिलं हे विचारून पाहा, मंगेश कुलकर्णींचं नाव एखादाच घेईल. तेव्हा झी मराठीकडे मागणं एवढंच : आठवड्यातून निदान एका भागाला शीर्षकगीत पूर्ण वाजवा, त्यावर गीतकार, संगीतकार, गायक आणि वादक यांची नावं वाचता येतील इतका वेळ ठेवा, आणि १९९९ पासूनची सगळी शीर्षकगीतं त्या नावांसह एका जागी ऐकायला उपलब्ध करा.