खडबडीत रस्त्यांसाठी मोटारीचे सस्पेन्शन

मोटारीचे सस्पेन्शन ही वाहनाचा सांगाडा आणि चाके यांना जोडणारी यंत्रणा असून ती स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर व सांधेदार दांडे यांची बनलेली असते. रस्त्याचे धक्के प्रवाशांपर्यंत पोहोचू न देणे आणि टायर सतत रस्त्याला टेकलेला ठेवणे ही तिची दोन मुख्य कामे होत. गुळगुळीत रस्त्यावर या दोन कामांत ओढाताण होते. मऊ स्प्रिंग आराम देते, तर कडक स्प्रिंग वळणावर गाडीचे कलणे रोखते. खडबडीत रस्त्यावर मात्र अति कडक सस्पेन्शन दोन्ही दृष्टींनी तोट्याचे ठरते. चाक उसळून रस्ता सोडते, आणि अधांतरी टायर गाडीला वळवू शकत नाही की थांबवूही शकत नाही.

रस्त्यांचे स्वरूप

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हे सिंदफणा नदीकाठचे तालुक्याचे ठिकाण आहे. जिल्ह्यात बालाघाटचा डोंगराळ भाग आणि काळ्या मातीचा सखल भाग अशी दोन्ही प्रकारची भूमी आढळते. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे पाया पक्का नसलेला रस्ता खचतो व लाटांसारखा उंचसखल होतो. खड्ड्यांमुळे चाकाला तीव्र, क्षणिक धक्का बसतो, तर अशा लाटांमुळे संपूर्ण गाडी संथपणे हेलकावते. गतिरोधकांची त्यात भर पडते. भारतीय रस्ते परिषदेच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ताशी २५ किमी वेगासाठी गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा; तेवढ्याच उंचीचा पण अरुंद गतिरोधक सस्पेन्शनवर कितीतरी अधिक ताण आणतो.

तत्त्व

स्प्रिंगवर तोललेल्या गाडीची स्वाभाविक वारंवारता स्प्रिंगच्या ताठरतेबरोबर वाढते आणि वजनाबरोबर कमी होते. प्रवासी मोटारींत ती साधारणतः १ ते १.५ हर्ट्झ असते. उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांना मानवी शरीर सर्वाधिक संवेदनशील असते. म्हणून स्प्रिंग कडक केली की त्रास वाढतो. भारवाहू जीपच्या मागील पाट्यांची (लीफ स्प्रिंग) ताठरता पूर्ण भार गृहीत धरून ठरवलेली असते. त्यामुळे अशी जीप रिकामी असताना अधिक आदळते आणि भरल्यावर सौम्य चालते.

स्प्रिंग ऊर्जा केवळ साठवते. शॉक ॲब्सॉर्बर ती ऊर्जा तेलाच्या घर्षणातून उष्णतेत बदलून आंदोलने शमवतो. या क्रियेला अवमंदन म्हणतात. ते कमी पडल्यास गाडी डोलत राहते, आणि जास्त झाल्यास लहान खड्डाही थेट जाणवतो.

सुधारणेचे पर्याय

* झिजलेले भाग बदलणे : तेल गळणारे शॉक ॲब्सॉर्बर, सैल झालेले रबरी बुश व बॉल जॉइंट बदलल्याने पुष्कळदा आराम आणि नियंत्रण दोन्ही परत मिळतात. इतर कोणत्याही बदलापूर्वी ही तपासणी आवश्यक असते.
* टायर : टायर हीच पहिली स्प्रिंग होय. मोठी रिम व कमी उंचीचा टायर बसवल्यास हवेची गादी पातळ होते, रिम वाकण्याचा धोका वाढतो, आणि चाक जड झाल्यास ते रस्त्याच्या चढउतारांचा मागोवा नीट घेऊ शकत नाही.
* शॉक ॲब्सॉर्बर : सलग खराब रस्त्यावर तेल तापून त्यात फेस होतो व अवमंदन घटते. वायुभारित प्रकारात दाबामुळे फेस कमी होतो. त्यातील एकनळी प्रकार लवकर थंड होतो. मात्र दगड लागून नळीला पोचा पडल्यास तो निकामी होऊ शकतो.
* वाढत्या ताठरतेच्या स्प्रिंग : या कमी भारावर मऊ, तर अधिक दाबल्यावर कडक होतात. कधी एकटा चालक, कधी पूर्ण कुटुंब व सामान असा वापर असल्यास त्या उपयुक्त ठरतात.
* अँटी-रोल बार : जाड बारमुळे वळणावर गाडी कमी कलते, पण एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो.
* रबरी गुटके व उंची वाढवणे : वेटोळ्यांत बसवलेला रबरी गुटका स्प्रिंगचा काही भाग निष्क्रिय करून ती कडक करतो, शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुन्याच ताठरतेला जुळलेला राहतो. गाडी उंच केल्यास गुरुत्वमध्य वर जातो, चाकांची संरेखना बिघडते व ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवर ताण येतो.

स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर परस्परांना जुळणारे असावेत, एका आसावरील दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर एकाच वेळी बदलावेत आणि त्यानंतर चाकांची संरेखना तपासावी, अशी पद्धत आहे.

कायदेशीर बाजू

वाहनाच्या प्रत्येक नमुन्याला विक्रीपूर्वी पुण्यातील एआरएआय (स्थापना १९६६) यांसारख्या संस्थेच्या चाचण्यांतून जावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. या कलमात ‘बदल’ म्हणजे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा रचनेतील फेरफार. झिजलेल्या भागाच्या जागी मूळ मानकाचा भाग बसवणे त्यात मोडत नाही.