‘थ्रीज’, ‘२०४८’ आणि ५७० ईमेलचे दफ्तर

१/
‘२०४८’ आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. ज्या खेळापासून ही परंपरा सुरू झाली, त्याचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. तो ‘थ्रीज’. ६ फेब्रुवारी २०१४ रोजी तो आयफोनवर आला, किंमत १.९९ डॉलर. कर्ते तिघेच : ॲशर वॉल्मर, चित्रकार ग्रेग वोलवेंड आणि संगीतकार जिमी हिन्सन.

२/
थोडी पार्श्वभूमी. पूर्वी मोबाईल गेम विकायचा तर बहुधा दूरसंचार कंपनीचा उंबरठा झिजवावा लागे. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडले आणि वर्षाला ९९ डॉलर शुल्क व विक्रीतील ३० टक्के वाटा देऊन एकटादुकटा डेव्हलपरही थेट ग्राहकापर्यंत पोहोचू लागला. हे दार अर्थातच नक्कल करणाऱ्यांनाही तितकेच खुले होते.

३/
‘थ्रीज’चा पट चार बाय चार घरांचा. १ आणि २ मिळून ३ होतात; पुढे ३ व ३ मिळून ६, ६ व ६ मिळून १२. बोट फिरवले की ठोकळे एकच घर सरकतात. नियम चार ओळींत संपतात, पण तिथवर पोहोचायला सुमारे १४ महिने लागले.

४/
प्रकाशनानंतर २१ दिवसांनी ‘१०२४’ हा मोफत गेम आला. ९ मार्चला इटलीतील १९ वर्षांच्या गाब्रिएले चिरुलीने ‘२०४८’ ब्राउझरवर ठेवला. शनिवार-रविवारात लिहिलेला, मोफत, कोडही सर्वांना खुला. हा तरुण लुटारू नव्हता, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते. पण त्याच्या खुल्या कोडवरून भराभर नकला निघाल्या आणि काही जण उलट ‘थ्रीज’लाच ‘२०४८’ची नक्कल म्हणू लागले!

५/
न्यायालयात का गेले नाहीत? अमेरिकी कॉपीराइट खेळाच्या नियमांना संरक्षण देत नाही, त्यांच्या अभिव्यक्तीला देतो. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयात ‘टेट्रिस’च्या मालकांनी नक्कल करणाऱ्या कंपनीविरुद्ध दावा जिंकला, कारण तिथे ठोकळ्यांचे रूप आणि पटाचे मापही उचलले होते. ‘२०४८’चे रूप वेगळे, अंक वेगळे, ठोकळेही थेट कडेपर्यंत घसरणारे.

६/
मग मार्चअखेरीस या मंडळींनी जे केले, ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष भावते. त्यांनी आपले दफ्तरच उघडले : ५७० हून अधिक ईमेल, सुमारे ४५,००० शब्द, सोबत कच्ची रेखाटने. अंकांऐवजी सुशी, बुद्धिबळाच्या सोंगट्या असे कित्येक प्रयोग करून टाकून दिलेले त्यात दिसतात. पेशवे दफ्तरातील रुमाल सोडताना जी उत्सुकता वाटते, तीच इथेही.

७/
साधन म्हणून ते सावधपणेच वाचावे. हक्क सिद्ध करण्यासाठी निवडून मांडलेली ही कागदपत्रे आहेत. तरी त्यांचा एक मुद्दा आपल्याला स्वतः तपासता येतो. ‘२०४८’मध्ये फार विचार न करता, आलटूनपालटून वर आणि उजवीकडे सरकवत बरेच पुढे जाता येते. असाच सोपा मार्ग ‘थ्रीज’च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही होता, आणि तो बंद करण्यात या तिघांच्या १४ महिन्यांतला बराच काळ गेला.

८/
वर्षअखेरीस ॲपलने ‘थ्रीज’ला २०१४ चा सर्वोत्तम आयफोन गेम ठरवले. तोवर ‘२०४८’ घरोघरी पोहोचला होता.