हद्दपार द्राक्षवेल

राजाज्ञेनें माणसें हद्दपार झाल्याचे दाखले इतिहासांत हवे तितके सांपडतात. पण एखाद्या वेलीवर असा प्रसंग आल्याचा दाखला विरळा. फ्रान्समधील बर्गंडी प्रांताचा ड्यूक ‘धाडसी’ फिलिप यानें ३१ जुलै १३९५ रोजीं फर्मान काढलें कीं, आपल्या मुलखांतील गामे जातीच्या सर्व द्राक्षवेली तोडाव्या व मुळासकट उपटून टाकाव्या. या फर्मानांत वेलीला दुष्ट व बेइमान ठरविलें असून, तिचें मद्य मनुष्यमात्रास अपायकारक आहे असाहि आरोप आहे.

वेलीचा अपराध तरी कोणता? तर तिचें मुबलक पीक! पिनो न्वार ही बर्गंडीची जुनी मानकरी जात. पण तिचें उत्पन्न बेताचें आणि लागवड नाजूक. गामे तिच्या आधीं सुमारें पंधरवडा पिके व कितीतरी अधिक द्राक्षें देई. १३४८ च्या महामारीपासून माणसांची वाण पडलेली. अशा काळीं थोड्या श्रमांत घर भरणारी वेल लहान शेतकऱ्यानें उराशीं धरली, यांत नवल तें काय? उलटपक्षीं, बर्गंडीच्या मद्याच्या कीर्तीवर ड्यूकचा मान व महसूल अवलंबून होता. हलक्या मद्यानें ती कीर्ति बुडेल, ही त्याची धास्ती अगदींच निराधार नव्हती. एकाच्या पोटाचा प्रश्न, दुसऱ्याच्या नांवाचा. आणि फर्मान काढण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याच्याच हातीं!

तथापि पोटापुढें फर्मान टिकलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत फिलॉक्सेरा या किडीनें फ्रान्सचे मळे उध्वस्त केले. त्यापूर्वीं खुद्द बर्गंडीच्या कोत-दोर जिल्ह्यांतील बहुतेक मळ्यांत गामेच नांदत होती.

तिचें खरें भाग्य मात्र दक्षिणेस, ड्यूकच्या हुकमतीबाहेरच्या बोझोले प्रांतांत उजाडलें. हद्दपार वेल थेट तेथें जाऊन राहिली, ही कथा ऐकावयास गोड आहे. पण या मळ्यांची मोठी वाढ पुढील शतकांतली. जवळच्या लिऑन शहराचें गिऱ्हाईक होतेंच. १६४२ मध्यें लुआर व सेन या नद्यांना जोडणारा ब्रियारचा कालवा पुरा झाल्यावर पॅरिसचीहि वाट मोकळी झाली. बोझोलेच्या उत्तर भागांतील जमीन ग्रॅनाइटची, रेताड व निकस. बर्गंडीच्या चुनखडीच्या जमिनींत ज्या वेलीचें मद्य सामान्य ठरे, तिनें येथें हलक्या तांबड्या रंगाचें, ताज्या फळांच्या सुवासाचें मद्य दिलें. मोर्गाँ, फ्लरी, मुलँ-आ-व्हाँ अशा दहा ठिकाणचें मद्य आज आपापल्या नांवानें विकलें जातें.

या कथेचा शेवट शास्त्रज्ञांनीं लिहिला. गामे ही पिनो व गुए ब्लाँ या दोन जातींच्या संकरांतून जन्मली, असें १९९९ मध्यें अनुवंशपरीक्षेनें सिद्ध झालें. गुए म्हणजे गरिबांच्या मळ्यांतली पांढरी, हलकी मानलेली जात. म्हणजे ज्या पिनोच्या अब्रूसाठीं ड्यूकनें ही वेल हांकलली, तिचीच ती लेक निघाली! स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतांत ‘डोल’ नांवाच्या मद्यांत मायलेकी पुन्हां एकत्र नांदतात. गुणदोष नुसत्या कुळावर ठरत नाहींत. कोणत्या भूमींत कोण रुजलें, हेंहि पाहावें लागतें. हें फर्मान काढणाऱ्यांना क्वचितच उमगतें.