लुकलुकत्या दिव्यापासून सोळा पिनांपर्यंत

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीत इतका दाट धूर साचला की रस्त्यावरच्या माणसांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. युद्धाचे दिवस होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही काहींना आली. संशय प्रथम गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. कारखाना बंद करून पाहिला, तरी धूर हटेना. खरा गुन्हेगार सापडायला आणखी काही वर्षं गेली आणि तो शोधला अननसाच्या वासावर संशोधन करणाऱ्या एका डच रसायनशास्त्रज्ञाने. कॅल्टेक संस्थेतल्या आरी हागेन-स्मिट यांनी शहराची हवाच प्रयोगशाळेत तपासायला घेतली. मोटारींच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र येऊन ओझोन तयार करतात, हे त्यांनी दाखवून दिलं. मोटार कंपन्यांना ते पटायला फार वेळ लागला.

गाडीच्या बिघाडाचे आकडे वाचणाऱ्या, आज पाचशे-हजार रुपयांत मिळणाऱ्या काडेपेटीएवढ्या कोड रीडरची वंशावळ त्या धुरापासून सुरू होते. गाडीमालकाची सोय व्हावी म्हणून तो जन्माला आला नाही. गाडी धूर ओकू लागली तर तिने स्वतःच ओरडून सांगावं, यासाठी सरकारने धरलेल्या आग्रहातून तो आला. जुन्या गाडीसाठी रीडर घेणाऱ्याने हा इतिहास जाणून घेतला, तर त्याचे पैसे वाया जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये हवेसाठी वेगळं मंडळ स्थापन केलं. त्याचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच झाले. १९७० च्या केंद्रीय कायद्याने मोटारींचं प्रदूषण नव्वद टक्क्यांनी उतरवण्याची मागणी केली आणि १९७५ पासून अमेरिकन गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दिसू लागला. पुढे तीन प्रमुख प्रदूषकांवर एकाच वेळी काम करणारा कन्व्हर्टर आला, पण त्याची एक अट होती: पेट्रोलच्या एका भागाला हवेचे जवळजवळ १४.७ भाग, कमी नाही आणि जास्तही नाही. कितीही हुशार मिस्त्रीने जेट बदलून आणि स्क्रू फिरवून कार्बोरेटर लावला, तरी चढावर, उतारावर, थंडीत आणि ट्रॅफिकमध्ये हे प्रमाण टिकणं शक्य नव्हतं. मग धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. व्होल्वोने तो १९७७ च्या मॉडेलमध्ये कॅलिफोर्नियासाठी बसवला. सेन्सर आला म्हणजे त्याचं ऐकणारा संगणकही आलाच. १९८१ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांना इंजिनाचा संगणक दिला.

आणि मिस्त्रीची पंचाईत झाली. तोवर तो कानाने आणि नाकाने रोग ओळखत होता. इंजिन मिसिंग करतंय, मिश्रण जाड झालंय, पॉइंट जळलेत, हे त्याला बोनेट उघडताच कळायचं. बंद डब्यातल्या संगणकाच्या पोटात काय चाललंय हे मात्र कुठल्याच कानाला ऐकू येत नव्हतं.

तेव्हाच्या इंजिनिअरांनी यावर काढलेली युक्ती खरोखर कौतुकाची आहे. संगणकाला पडदा नव्हता, पण डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा होता. त्यालाच बोलायला लावलं. जनरल मोटर्सच्या गाडीत डॅशखाली बारा खाचांचा सॉकेट असे. त्यातल्या ए आणि बी या दोन खाचा कागदाच्या पिनेने जोडायच्या आणि इंजिन चालू न करता चावी फिरवायची. दिवा एकदा चमके, थोडं थांबे, मग लागोपाठ दोनदा चमके. हा कोड १२. इंजिन फिरत नसल्यामुळे त्याचा सिग्नल येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे तपासणीची यंत्रणा शाबूत आहे. तो तीनदा दाखवून झाला की खऱ्या बिघाडांचे आकडे सुरू होत. क्रायस्लरला पिनेचीही गरज नव्हती, चावी ठरावीक क्रमाने चालू-बंद केली की दिवा बोलू लागे. टोयोटात टीई१ आणि ई१ अशा खुणांच्या दोन जागा तारेने जोडायच्या. निसानच्या काही गाड्यांत संगणकाच्या डब्यावरचा छोटा स्क्रू फिरवावा लागे. फोर्डच्या गाडीला काट्याचा व्होल्टमीटर लावून काट्याच्या उड्या मोजत बसणारे मेकॅनिकही होते. त्या काळातला सर्वात स्वस्त कोड रीडर म्हणजे वाकवलेली तार, वही आणि नीट मोजणारा माणूस. त्या पिढीची गाडी आजही कोणाच्या दारात उभी असेल, तर तिला दुसरं काही विकत घेण्याची गरज बहुधा नाही. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवलं की काम भागतं.

मोठ्या गॅरेजांची गोष्ट वेगळी होती. स्नॅप-ऑन कंपनीचा एमटी२५०० हा स्कॅनर त्याच्या आकार-वजनामुळे ‘वीट’ म्हणूनच ओळखला गेला. त्यात कंपनीनुसार आणि वर्षानुसार वेगळी कार्ट्रिज घालावी लागत. दहा कंपन्यांच्या गाड्या येणाऱ्या गॅरेजला हा खर्च जड जाई. छोट्या गॅरेजने ‘कंपनीत घेऊन जा’ असं म्हणत गिऱ्हाईक परत पाठवायची सुरुवात तेव्हाची आहे.

ही कोंडी बाजाराने फोडली नाही, कायद्याने फोडली. कॅलिफोर्नियाच्या पहिल्या नियमाने गाडीने स्वतःचा बिघाड ओळखावा एवढंच बंधन घातलं होतं. सॉकेट कसा असावा, कोड कोणते, हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं. दुसऱ्या पिढीच्या नियमाने, म्हणजे ओबीडी-टूने, ती पळवाट बुजवली. १९९० मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, प्रदूषणाशी संबंधित दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे असं ठरवलं. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला सोळा पिनांचा एकसारखा सॉकेट आला. पी०३०० म्हणजे मिसिंग, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरचं काम अपुरं, मग बोनेटवर नाव कोणाचंही असो. युरोपने हा नियम पेट्रोल गाड्यांसाठी २००१ मध्ये आणला.

सॉकेट एक झाला, तरी आतली बोली एक झाली नव्हती. फोर्डची एक, जनरल मोटर्सची दुसरी, युरोपीय आणि आशियाई गाड्यांची आणखी वेगळी. अमेरिकेत सगळ्यांना कॅन ही एकच पद्धत सक्तीची झाली ती २००८ च्या मॉडेलपासून. मधल्या काळात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने ईएलएम३२७ नावाची चिप काढली. या सगळ्या बोली समजून घेऊन साध्या अक्षरांत उत्तर देणारी ही दुभाषी चिप संगणकाला आणि पुढे मोबाइललाही जोडता आली. तिच्या पहिल्या आवृत्तीला कंपनीने नकलेपासून संरक्षण दिलं नव्हतं आणि तिच्या नकलांनी जग भरून गेलं. बाजारात ‘आवृत्ती १.५’ असा शिक्का मिरवणारे असंख्य रीडर विकले गेले. एल्मने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. अनेक नकलांत मूळ चिपच्या कितीतरी आज्ञा गायब असतात, आणि त्याचा फटका जुन्या बोली बोलणाऱ्या गाड्यांना जास्त बसतो. मूळ कंपनीने २०२२ मध्ये गाशा गुंडाळला.

भारतात हा प्रवास उशिरा सुरू झाला. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० कार्बोरेटरवर धावत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये राजधानी परिसरासाठी युरोपीय धर्तीचे निकष लावले आणि त्यानंतर कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाड्या झपाट्याने वाढल्या. कोड साठवणारे संगणक आले, कित्येक गाड्यांत सोळा पिनांचा सॉकेटही आला, पण त्यातून सर्वांना कळेल असंच बोललं पाहिजे, हा नियम मात्र आला नव्हता. म्हणून २००३ किंवा २००७ ची गाडी घेऊन कोणी स्वस्त रीडर लावतो, पिना बरोबर बसतात, रीडरचा दिवाही लागतो, कारण सोळाव्या पिनेतून बॅटरीचा करंट मिळतो. पण मोबाइलवर ‘गाडीशी संपर्क नाही’ एवढंच दिसतं. रीडर खराब नसतो, गाडीही नाही. ती तिच्या कंपनीच्या खासगी भाषेतच बोलते.

भारत स्टेज चार या प्रदूषण-निकषाच्या गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. स्टेज चार सुरुवातीला तेरा शहरांपुरतं होतं. त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. उरलेल्या महाराष्ट्राचा बराच भाग त्यानंतरही काही वर्षं स्टेज तीनवर होता. देशभर स्टेज चार झालं २०१७ मध्ये. त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या रीडरपुढे वेगळ्या वागू शकतात.

बाहेरच्या गॅरेजवाल्यांची तक्रार आपल्याकडेही अधिकृतपणे ऐकली गेली. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुट्या भागांबरोबरच तपासणीची साधनं बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना मिळत नाहीत, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. कंपन्यांनी दाद मागितली, प्रकरण लांबलं. पण रस्त्याकडेच्या मिस्त्रीला गाडीशी बोलता आलं पाहिजे, हे एका सरकारी आदेशात स्पष्ट लिहिलं गेलं, ही लहान गोष्ट नाही.

तेव्हा जुन्या गाडीसाठी रीडर घेताना किमतीआधी आरसी बुक पाहावं. गाडी स्टेज चारची आणि २०१३ नंतरची असेल, तर साधा पण जुन्या बोलीही सांभाळणारा रीडर पुरतो. त्याआधीची इंजेक्शनची गाडी असेल, तर तिच्या कंपनीचं नाव आणि मॉडेल यादीत असलेलाच स्कॅनर घ्यावा, आणि दुकानदाराला तो गाडीला लावून दाखवायला सांगावा. कार्बोरेटरच्या गाडीला तो घेऊच नये. एबीएस आणि एअरबॅगचे कोड स्वस्त रीडर बहुधा वाचत नाही, हेही आधीच विचारून घ्यावं. पी०१७१ दिसला म्हणून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नये. चिरलेला व्हॅक्यूम पाइपही तोच कोड आणतो. आणि कोड पुसण्याआधी तो कागदावर उतरवून घ्यावा, कारण बिघाडाच्या क्षणी इंजिनाचा वेग आणि तापमान काय होतं, याची संगणकाने ठेवलेली नोंदही त्याबरोबरच पुसली जाते.